तांडेलकाकांचा ब्लोडाऊन

तांडेलकाका रोज सकाळी आमच्या सर्व्हरला उलटा हात लावून बघायचे, आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मग वहीत लिहायचे, 'ताप नाही. आवाज बरा. पाणी निरंक.' सर्व्हरला पाणी लागत नाही हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "म्हनून तर निरंक लिवतो."

काकांनी तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. कारखाना बंद पडला तेव्हा जवळच्याच किनाऱ्यावर, नवापूरला घरी बसून जाळी शिवण्यापेक्षा बरं, म्हणून ते आमच्या मालकांकडे कामाला लागले. मालक कारखान्यांच्या कामगारांना बसगाड्या पुरवतात, ऑफिस बोईसरला. कोण कुठल्या पाळीला, कुठल्या बसने, किती वाजता जाणार हे सांभाळणारी वेबसाइट मी लिहिलेली. ती मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर चालायची. खोलीचा एसी चालू ठेवणं, धूळ पुसणं आणि उंदीर येऊ न देणं एवढंच काकांचं काम होतं, पण त्यांचं तेवढ्याने भागत नसे.

"यंत्राला त्याच्या मनावर सोडायचा नाय, भाऊ," हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणायचे. आणि यंत्राने आपल्या मनाने कामं करावीत यासाठीच मला पगार मिळत होता. रोज दुपारी चारला सर्व्हर कोणी न सांगता जागा व्हायचा, उद्याच्या पाळ्या बघायचा आणि सफाळ्यापासून नवापूरपर्यंतच्या सगळ्या कामगारांना मोबाइलवर मेसेज पाठवायचा. उद्या अमुक बस, अमुक थांबा, अमुक वेळ. काका चारच्या ठोक्याला खुर्चीतून उठून सर्व्हरसमोर उभे राहायचे आणि स्वतःच्या मोबाइलवर मेसेज वाजला की मगच बसायचे. आपोआप चालणाऱ्या कामावर आपण पगारी माणूस उभा केलाय, असं मी मालकांना हसत हसत सांगायचो.

काका रजा घ्यायचे नाहीत. रविवारीही यायचे. नारळी पौर्णिमेला अख्खं नवापूर किनाऱ्यावर असतं, तेव्हाही हे डबा घेऊन बोईसरला हजर. घरी काकू उभं करत नसतील, असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले. काकाही हसले, त्यामुळे आपण फार विनोदी आहोत असा माझा समज झाला.

एकदा मी सर्व्हरच्या नोंदी सहज चाळत होतो. सहज म्हणजे मालक समोर बसले होते म्हणून. बघतो तर यंत्र रोज सकाळी आठला बंद होऊन पुन्हा चालू होत होतं. मी काकांना बोलावून विचारलं.

"ब्लोडाऊन करतो," काका म्हणाले.

बॉयलरच्या तळाशी गाळ बसतो. पाळी सुरू झाली की झडप उघडून तो रोज सोडून द्यायचा, नाहीतर बॉयलर कधीतरी दगा देतो. सर्व्हरला झडप नव्हती, म्हणून काका बटण दाबत होते. मी मालकांच्या देखत त्यांना चांगला अर्धा तास शिकवलं. सर्व्हर म्हणजे बॉयलर नव्हे, त्यात गाळबिळ काही साचत नाही, आणि उद्यापासून बटणाला हात लावायचा नाही.

"भाऊ, येवडा एक नका बंद करू," काका म्हणाले. त्यांना आणखी काही सांगायचं होतं. पण त्यांनी मालकांकडे बघितलं आणि ते गप्प बसले. मला वाटलं, जिरली.

दुसऱ्या दिवशी चारला मेसेज गेलेच नाहीत. काका सर्व्हरसमोर साडेपाचपर्यंत उभे होते. मी मात्र काहीतरी नेटवर्कचं असेल म्हणून पालघरला घरी निघून गेलो होतो. त्या आठवड्यात पाळ्या बदलल्या होत्या. सकाळी पालघरजवळच्या माहीमच्या थांब्यावर बायका तासभर ताटकळल्या आणि बस आलीच नाही. सफाळ्याला बस आली, तर थांब्यावर कोणी नाही. मालकांनी मला आत बोलावून कारण विचारलं. "दोन वर्षं रोज बंद-चालू केलंय, यंत्राची वाट लागणारच," असं मी म्हणालो. म्हणताना जीभ जराही अडखळली नाही.

मालकांनी काकांना घरी बसायला सांगितलं. काकांनी वही टेबलावर ठेवली, डबा उचलला, आणि एसी बघत जा एवढंच मला सांगून गेले.

मग मी दुरुस्तीला बसलो. गंमत अशी की काम हाताने चालवलं की बिनबोभाट चालायचं, आणि चार वाजता आपलं आपण चालायचं नाही. मी सर्व्हरचं घड्याळ तपासलं. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीशी भांडलो. नवी केबल आणली. शेवटी इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारलं, तर पहिलंच उत्तर आलं, एकदा बंद करून चालू करून बघा. मी चिडून लॅपटॉप मिटला. या सगळ्या दिवसांत रोज चार वाजता मीच सर्व्हरसमोर हजर असायचो आणि बटण दाबून मेसेज सोडायचो.

सहाव्या दिवशी चूक सापडली. एकच काम दोनदा सुरू होऊ नये म्हणून ते सुरू होताना 'आत कोणीतरी आहे' अशी खूण मी ठेवली होती. काम संपल्यावर ती पुसायची असते. ती पुसायलाच मी विसरलो होतो. म्हणजे संडासाला आतून कडी लावून माणूस खिडकीतून निघून जावा आणि बाहेरच्याने रोज येऊन, कडी बघून, सभ्यपणे परत फिरावं, तसं चाललं होतं. हाताने चालवताना कडी बघायची अट मी माझ्या सोयीसाठी गाळली होती, म्हणून माझं अडत नव्हतं. यंत्र बंद करून चालू केलं की ती खूण आपोआप पुसली जायची. गाळ होता, आणि तो माझा होता. काका तो रोज सकाळी आठला काढत होते.

मी त्यांची वही उघडली. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या महिन्यात एक नोंद होती. 'काल रजा. ब्लोडाऊन नाही. मेसेज गेला नाही. आज केला. गेला.' तो दिवस मला आठवला. मालकांनी मला झापलं होतं, दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप सुरळीत झालं होतं, आणि रात्रभर बसून दुरुस्त केलं असं सांगून मी शाबासकी घेतली होती. त्यानंतर वहीत 'रजा' हा शब्द कुठेच नव्हता.

मी मालकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, आधी त्यांना घेऊन ये, मग तुझं बघतो.

नवापूरला काका ओट्यावर जाळं शिवत बसले होते. काकूंनी चहा आणला. मी चूक कबूल केली, मालकांनी परत बोलावलंय तेही सांगितलं. काकांनी दोरा दाताने तोडला.

"मला म्हाईत व्हता," ते म्हणाले.

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, का ते देव जाणे.

"तुमी नवीन होते, भाऊ. पयल्याच मैन्यात चूक निगाली असती तर मालकांनी ठेवला नसता तुमाला. माजा काय, सकालचा एक बटन दाबायचा." मग त्यांनी विचारलं, "आता बटन नाय दाबला तरी मेसेज जातील?"

"जातील."

"नक्की?"

"नक्की, काका."

काकांनी जाळं बाजूला ठेवलं आणि काकूंकडे वळले. "बटनासाठी बोलावना येल म्हनून घर सोडला नाय. मंग उद्या हर्णैला लेकीकडं जाऊ. धाकटी नात चालाय लागली म्हनते, आपुन फोनवरच बगतो तिला." मला म्हणाले, "बुदवारी येतो कामावर. चालंल?"

काकू उठल्या. आत गेल्या आणि लेकीसाठी सुक्या बोंबलांची पिशवी भरायला लागल्या. मला इतकी लाज वाटली की चहा संपला तरी मी कपाकडेच बघत बसलो.