चंपाचे सोळा रुपये

१९५८ साली कानडी मुलखात, राजाजीनगरातल्या एका शाळेने विद्यार्थ्यांना पैशाचे मोल शिकवण्याचा ठराव केला. दर सोमवारी दहा नवे पैसे बचतपेटीत टाकायचे; जो विसरेल त्याने उभे राहून बचतीचे फायदे म्हणायचे. परसू शिंप्याच्या चंपावर ती वेळ कधी आली नाही. चार वर्षांत तिच्या वहीत सोळा रुपये जमले. परसू मापे घेता घेता ती वही गिऱ्हाइकांना दाखवू लागला.

एसएसएलसी, म्हणजे शालान्त परीक्षेची फी पंधरा रुपये होती. परसू निश्चिंत मनाने पैसे काढायचा अर्ज घेऊन गेला, तेव्हा मुख्याध्यापक कृष्णमूर्तींनी चष्मा पुसून नियम समजावला. ज्याच्याकडे शाळेचे येणे बाकी, त्याला बचत काढता येत नाही. आणि चंपाकडे परीक्षेची फी बाकी होती.

"ती भरायलाच तर काढतोय, सार," परसू म्हणाला.

"आधी भरा, मग काढा. मुलांना शिस्त नको लागायला?"

शिस्तीपुढे शहाणपण चालत नाही. परसूने शिलाई मशीन रघुजी सावकाराकडे गहाण टाकले आणि फी भरली. दुसऱ्या दिवशी गेला, तर चंपाचे नाव वर्गाच्या पटावरून परीक्षार्थींच्या यादीत गेलेले, आणि बचत मिळे ती फक्त पटावरच्या मुलांना. निकालानंतर या, असे सांगण्यात आले. लग्नसराई तोंडावर, आणि परसू घरी बसून हाताने बटणांची काजे करीत होता. रडायचेच तेवढे बाकी होते.

चंपा पहिल्या वर्गात पास झाली. सर्वाधिक बचतीचे बक्षीसही तिलाच मिळाले, कारण चार वर्षांत तिने एक पैसा काढला नव्हता. शाळेने तिला लगेच बचतपेटीवर कारकून नेमले. पगार अर्थातच बचतपेटीत जमा होणार होता.

परसूला हायसे वाटले. सोमवारी तो खिडकीशी उभा राहिला. मागे पालकांची रांग होती.

"चंपे, ते सोळा रुपये दे गं. मशीन सोडवून आणतो."

चंपाने नियमांची वही उघडली. "खातेदार शाळेच्या नोकरीत असला तर पैसे नोकरी सुटल्यावर, अण्णा."

"मग सोड नोकरी."

"सोडायची तर महिन्याचा पगार रोख भरावा लागतो." तिने मान वर केली नाही. "स्वल्प बाजूला व्हा. मागं माणसं खोळंबलीत."

परसू बाजूला झाला. रांगेतले पालक मात्र भारावून गेले. शिक्षण असावे तर असे, म्हणत ते आपापल्या मुलांची खाती उघडायला पुढे सरकले. त्यांत तुमच्या घरचेही कोणी असेल. कपाटात जुनी वही सापडली, तर काळजी करू नका. पैसे अजून सुरक्षित आहेत.