महाराजांच्या चाकांवरचं कुंकू

एका जंगलात, मुलांनो, रस्ता नव्हता, पण गाडी होती. गाडी अर्थातच सिंहमहाराजांची. ती गुहेपासून वडापर्यंत जायची आणि वडापासून गुहेपर्यंत परत यायची. पुढे वाट नव्हती, आणि महाराजांना पुढे कुठे जायचंही नव्हतं.

गाडीची चाकं मात्र बघत राहावीत अशी होती. चांदीसारखी, आणि त्यांच्यावर काचेसारखा पातळ, पारदर्शक थर दिलेला. चाकांची सगळी चमक त्या थरात होती. पण थर डोळ्यांना दिसत नसे, त्यामुळे तो आहे हे दरबारात कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते ओढ्यावरच्या पाणमांजराला. गोदाक्का तिचं नाव.

गोदाक्का ओढ्यातल्या पांढऱ्या कातळावर जंगलाची धुणी धुवायची. माकडांच्या टोप्या, हत्तीची झूल, महिन्यातून एकदा महाराजांची गाडी. तिच्या आईनेही याच कातळावर धुतलं होतं आणि आजीनेही. तिची तीन पिलं त्याच्याच कडेला पोहायला शिकत होती. पण कातळ महाराजांच्या मालकीचा, आणि महाराजांच्या मनात आलं तर तो उद्या कोणालाही मिळू शकत होता. म्हणून गोदाक्का काम चोख करायची आणि तोंड शक्यतो बंद ठेवायची.

मग दसरा आला. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, चाकांना हळदकुंकू वाहिलं. एवढ्यावर भागलं असतं, पण दरबारातले सांबरराव पुढे सरकले.

"कोरडं कुंकू वाऱ्याने उडतं," ते म्हणाले. "निष्ठा कशी, चिकटून राहायला हवी."

झालं. कुंकू तेलात कालवलं गेलं. ज्याने चिमूटभर लावलं त्याच्याकडे शेजारी संशयाने बघू लागले, म्हणून पुढच्याने बोटभर आणि त्याच्या पुढच्याने मूठभर थापलं. सशाने तर दोनदा रांग लावली.

त्यात महाराजांची गाडी चालवायची एक तऱ्हा होती. प्रजेतलं कोणी दिसलं की ते करकचून ब्रेक मारायचे, म्हणजे समोरच्याला नीट नमस्कार करता यायचा. दर ब्रेकला थोडी काळी पूड उडायची आणि त्या तेलकट कुंकवावर बसायची. वरून ऊन. पंधरा दिवसांत चाकं जुन्या तव्यासारखी दिसू लागली.

आणि पाडव्याला शेजारच्या जंगलातली वाघीण फराळाला येणार होती. पाडवा पाच दिवसांवर होता. महाराजांनी गोदाक्काला बोलावलं.

"ही चाकं लखलखली पाहिजेत," महाराज म्हणाले. "लखलखली तर कातळ तुझ्या पिलांच्या नावे करून देईन. नाही जमलं, तर ज्याला जमेल त्याला देईन."

गोदाक्काने चाकावरून हात फिरवला.

"निघेल, महाराज. पण चार दिवस लागतील. रोज एक चाक."

"चार दिवस?"

"चाक आधी सावलीत गार व्हायला पाहिजे. मग साबणाच्या पाण्यातलं फडकं गुंडाळून ठेवायचं. डाग फुगला की मऊ ब्रशने अलगद काढायचा. नाही निघाला तर परत फडकं. घासायचं मात्र नाही. घासलं तर वरचा थर जाईल, अन् चमक त्याच्यातच हाये."

"कसला थर? मला तर दिसत नाही," प्रधान कोल्हा म्हणाला.

"दिसत नाही म्हणूनच चाक दिसतं, प्रधानजी," गोदाक्काच्या तोंडून निघून गेलं.

पहिल्या दिवशी तिने पहिलं चाक घेतलं. पाच वेळा फडकं बदललं. संध्याकाळी ते चाक असं उजळलं की गोदाक्काच्या धाकट्या पिलाने त्यात बघून स्वतःलाच जीभ दाखवली. गोदाक्काला फार बरं वाटलं. कातळ आपल्याकडेच राहणार, असं तिच्या मनाने घेतलं.

पण इकडे कोल्हा महाराजांच्या कानाशी लागला होता. "ती दिवसभर नुसती ओलं फडकं लावून बसली होती, महाराज. मी स्वतः बघितलं. कष्ट दिसले नाहीत कुठे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रानडुक्कर हजर झालं. नाव रणधीरराव. एका हातात फरशीचे डाग काढायचं अ‍ॅसिड, दुसऱ्या हातात तारेची घासणी.

"तीन चाकं, एक तास," रणधीरराव म्हणाले.

गोदाक्काने हात जोडले. "महाराज, असं करू नका. चाकं कायमची आंधळी होतील."

पण तोवर फेस उसळला होता. रणधीरराव घाम गाळत होते, घासणी करकरत होती, अंगावर काळे ओघळ येत होते. दरबार भारावून बघत होता. याला म्हणतात काम. तासाभरात कुंकवाचा टिपूस राहिला नाही. चमकेचाही राहिला नाही. तीन चाकं राख फासल्यासारखी पांढुरकी झाली होती.

महाराज कधी या तीन चाकांकडे बघत, कधी गोदाक्काच्या एका चाकाकडे. ते तेवढं झगझगत होतं.

"हे एकच असं का?" त्यांनी विचारलं.

रणधीररावांनी ते चाक निरखलं. नखाने खरवडलं. नखाला पातळ, पारदर्शक पापुद्रा लागला. तो त्यांनी उंच धरून सगळ्यांना दाखवला.

"महाराज, बाईने काम अर्धवट टाकलंय. अजून थर शिल्लक आहे."

दरबारात कुजबुज झाली. गोदाक्कानेच परवा थराचं नाव काढलं होतं, हे कोल्ह्याने सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. तिला तो माहीत होता, आणि तरी तिने काढला नाही.

"हे बघ," महाराज गोदाक्काला म्हणाले, "चारही चाकं सारखी दिसली पाहिजेत. घासणी घे, हे एक चाक घास, आणि कातळ तुझा."

गोदाक्काने घासणी हातात घेतली. तिला पिलं आठवली, आई आठवली. रडूच यायला लागलं. मग तिने घासणी खाली ठेवली.

"कातळ राहू द्या, महाराज. हे माझ्या हातून व्हायचं नाही."

चौथं चाक रणधीररावांनी घासलं. कातळही त्यांना मिळाला. पाडव्याला वाघीण आली, तिचं सगळं लक्ष चिवड्यात होतं. गाडीकडे तिने बघितलंही नाही.

गोदाक्का पिलांना घेऊन ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली. तिथे पाणी कमी आणि जागा खडबडीत. पिलं पोहायच्या ऐवजी चालायचीच जास्त.

आठवड्याने झुडपाआडून कोणी तरी हलकेच हाक मारली. बघते तर रणधीरराव. सोबत त्यांची नवीकोरी गाडी. कातळासोबत दरबाराकडून मिळालेली. चारही चाकांवर सत्काराचं तेलकट कुंकू.

"आक्का," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तेवढी आमची चाकं करून द्याल?"

गोदाक्काने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमची घासणी कुठाय?"

"छे छे," रणधीरराव दचकून म्हणाले. "स्वतःच्या गाडीला कोणी घासणी लावतं का?"

"चार दिवस लागतील," गोदाक्का म्हणाली.

"लागू देत, आक्का. चांगल्या कामाला घाई करून कसं चालेल?"

गोदाक्काने गाडी सावलीत घ्यायला सांगितली.

तात्पर्य : मुलांनो, डाग असा काढावा की त्याच्याखाली काहीही शिल्लक राहू नये. शिल्लक राहिलं, तर लोक म्हणतात काम अर्धवट झालं. आणि नीट काम करणारा जंगलातून पार हाकलून देऊ नये. ओढ्याच्या खालच्या अंगाला कुठे तरी ठेवावा. आपल्या स्वतःच्या गाडीला लागतो.