विशाखाच्या डोळ्यातली टेकडी

कुणीतरी विशाखा धायगुडेच्या उजव्या डोळ्यात टेकडी आणून ठेवली होती. ठेवणाऱ्यानं निदान एकदा विचारायला हवं होतं. दिवाळीनंतर तिला वाईच्या डेपोत एसटी चालवून दाखवायची होती, आणि आता तिला प्रत्येक दिव्याला शेपूट दिसू लागलं होतं. अशा डोळ्यानं पसरणीचा घाट तिला कोण चढू देणार?

टेकडी म्हटली की मोजणी कचेरी. ती तडक तिथं गेली.

मोजणीदार भिलारे यांनी गोल रेघांची तबकडी तिच्या डोळ्यासमोर धरली आणि बुबुळावर उमटलेली वर्तुळं कागदावर उतरवून घेतली. वरच्या अंगाला ती ऐसपैस होती. खाली एका जागी मात्र एकमेकांना खेटून बसली होती.

"रेघा दाटल्या की चढ समजायचा," भिलारे म्हणाले. "टेकडी आहे. ताजी आहे. डोळे चोळता का?"

"खाज सुटली की चोळते."

"म्हणजे तुम्हीच भर घालताय."

"बरं, नाही घालणार. पण लहान आहे तोवर थांबवा तिला."

"तीच अडचण आहे, ताई. माणसाला चढता आली तरच कागदोपत्री टेकडी, असा नियम आहे. जरा वाढू द्या, मग या."

"वाढल्यावर मला रस्ता दिसेल का?"

"रस्ता बांधकाम खात्याकडं येतो."

विशाखाला थांबणं कधीच जमलं नव्हतं. नियमात चढण्याबद्दल लिहिलं होतं, प्रमाणाबद्दल चकार शब्द नव्हता. तिनं कागद उचलला आणि गल्लीत आली. दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती येऊन पडलीच होती.

"यंदा किल्ला नाही," तिनं मुलांना सांगितलं. "यंदा माझा डोळा."

"बुरूज तरी?"

"एकही नाही. वर्तुळं आहेत तशीच."

"भुयार?"

"डोळ्यात भुयार असतं का रे, गाढवा?"

डोळ्यात केसाएवढा चढ, तिथं हातभर माती, असं प्रमाण ठरलं. अख्खा डोळा गल्लीत मावला नसता, म्हणून टेकडीच तेवढी घेतली. वसुबारसेला ती उभी राहिली आणि भिलाऱ्यांना बोलावणं गेलं.

भिलारे चढले. रेघा दाटल्या होत्या नेमक्या तिथंच दोनदा घसरले. विजार मातीनं भरली. पण माथ्यावर पोचल्यावर त्यांना कृष्णा दिसली, घाट दिसला, आणि ते इतके खूश झाले की खाली यायलाच तयार होईनात.

"टेकडी आहे!" ते वरूनच ओरडले आणि त्यांनी माथ्यावर पाटी रोवली: पुढील वाढीस सक्त मनाई.

टेकडी कायदा पाळणारी निघाली. डोळ्यातली वाढ त्याच दिवशी थांबली. दिव्यांना उरलेलं टीचभर शेपूट चष्म्यानं आवरलं. विशाखा डेपोत पास झाली.

पहिल्याच फेरीला, घाटाच्या तोंडाशी, वरून येणाऱ्या गाडीला वाट देत ती थांबली होती. आरशात तिनं आपली टेकडी न्याहाळली. बारीकशी पाटीही दिसत होती. तिच्या लगेच मागच्या बाकावर टोपली घेऊन बसलेली पसरणीची बाई पुढं वाकली आणि तिनंही आरशात पाहिलं.

"झ्याक हाय गं टेकडी," ती म्हणाली. "पर आता ह्या म्होरल्या मोठीवर गाडी चढव. वरचा बाजार उठंल."