पिटुनियाचा चहा

सयाजीरावांना सुनेचा ग्रीन टी अजिबात आवडत नव्हता, आणि हे सुनेला सांगायची त्यांची छाती होत नव्हती. चहा साधासुधा नव्हता. सून संयोगिता हिचा भाऊ आदर्श नोकरीनिमित्त चीनमध्ये होता. त्यानं तिकडच्या डोंगरावरची पानं खास आबांच्या, म्हणजे सयाजीरावांच्या, तब्येतीसाठी धाडली होती. म्हणजे प्रश्न चवीचा नव्हता, सुनेच्या माहेराचा होता. पण म्हशीच्या घट्ट दुधाच्या चहावर पोसलेल्या माणसाच्या घशाखाली ते पाल्याचं पाणी उतरावं तरी कसं?

सयाजीरावांनी तोड काढली. सकाळी कप घेऊन ते गच्चीवर जात, फुलझाडांना पाणी घालेपर्यंत चहा गार होऊ देत आणि मग हळूच पिटुनियाच्या कुंडीत ओतून मोकळे होत. त्यात दूध नाही, साखर नाही, त्यामुळे मुंग्यांचीही भीती नाही. खाली येऊन मिशीवरून हात फिरवत "झकास!" म्हणाले, की सुनेचा चेहरा खुलायचा.

त्या फाल्गुनात पिटुनियाही अशी फुलली, की फुलांमागे कुंडी दिसेना. कॉलनीच्या फुलांच्या स्पर्धेत दरवर्षी शेजारचे बाळासो पहिले यायचे आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत ते ऐकवायचे. यंदा त्यांचं तोंड बंद करायचंच, असं सयाजीरावांनी मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी परीक्षक आले. गारगोटीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या देसाई बाई, कॉलनीच्या मंडळाचे दोन सभासद, आणि "बघावं तरी म्हटलं" करत मागोमाग बाळासो. आता कोल्हापुरात घरी आलेलं माणूस चहाशिवाय परत गेलं तर घराण्याची अब्रू जाते. संयोगिता वाफाळते कप घेऊन गच्चीवर हजर झाली.

"आबांचा आवडता चहा हाय. ह्याच्याबिगर त्यांचा दिस उगवत न्हाय!"

पहिल्याच घोटाला पाहुण्यांनी कारलं चावल्यासारखी तोंडं केली. कप तसाच ठेवावा तर सुनेला वाईट वाटणार, प्यावा तर पुढचा घोट घशाखाली उतरत नाही. ती बिस्किटं आणायला खाली वळली मात्र, बाळासोंचा हात कपासकट पिटुनियाकडे सरकला.

सयाजीरावांनी ते हेरलं. इतका कढत चहा मुळाशी पडला, तर झाडाचा कारभार आटोपलाच. ओरडावं, तर सुनेच्या माहेरचा चहा कुणाला पिववत नाही हे जिन्यात तिच्या कानावर जाणार.

"आणा हिकडं!" त्यांनी झडप घालून कप काढून घेतला. "वाया कशाला घालवतायसा? मला लई आवडतोय!" आणि एका दमात घशाखाली लोटला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. तोवर दोघे सभासद कुंडीच्या दुसऱ्या अंगानं वाकले होते. "तुमचं बी द्या!" देसाई बाईंनी तर न मागताच आपला कप पुढे केला.

"काय ओ सयाजीराव, एवढा आवडतोय व्हय?" बाळासोंनी डोळे बारीक करून विचारलं.

"जीव की प्राण हाय माझा," सयाजीराव कण्हत म्हणाले.

संयोगिता बिस्किटं घेऊन वर आली, तेव्हा आबा शेवटचा कप तोंडाला लावून उभे होते. तिला अगदी भरून आलं.

पहिला नंबर पिटुनियाला मिळाला. बाळासो हातातलं बिस्किट तसंच ठेवून घरी गेले. पण हा सोहळा डोळे भरून बघायला सयाजीरावांना सवड कुठली? ते सारखे न्हाणीघराकडे पळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर गेले, तर संयोगिता दोन मोठे मग भरून आधीच बसलेली.

"आबा, काल तुमची आवड बघितली आणि दादाला लगेच फोन लावला. त्यो आणखी धाडतोय. आजपास्नं मी बी तुमच्यासंगं घेणार."

सयाजीरावांच्या जिभेवरचा फोड ठणकला. आता सुटका नव्हती. डोळे घट्ट मिटून त्यांनी एक घोट कसाबसा गिळला. डोळे उघडतात तर काय, सूनबाई मान दुसरीकडे वळवून आपला मग पहिल्या नंबराच्या कुंडीवर हळूहळू कलता करत होती.

"पोरी," सयाजीराव म्हणाले, "जरा गार हू दे की. मुळं भाजत्यात."