घर कॉन्स्टेबल झालं ते वर्ष

त्या वर्षी कोल्डबेरी गावच्या कॉन्स्टेबलकीची पाळी एझ्रा पिल्बीमच्या घरावर आली, आणि सोमवारी सकाळी घर कामावर रुजू झालं.

यात घराचा काही दोष नव्हता. दोष एझ्राच्या तोंडाचा. अठराव्या शतकातलं इंग्लंड ते; खेड्यापाड्यांत पगारी पोलीस नव्हते. ओळीनं एकेका घरावर पाळी यायची. त्या घरच्या माणसानं वर्षभर फुकट गाव राखायचं, वर शिव्याही त्यानंच खायच्या. एझ्रा सत्तरीचा. बायको गेलेली, गुडघे गेलेले, तोंड तेवढं शाबूत. काठी आपटत तो मॅजिस्ट्रेट विलोबी साहेबांच्या दिवाणखान्यात गेला. कोर्ट तिथंच भरायचं, शिकारी कुत्र्यांच्या गराड्यात.

“साहेब, मी चोरामागं धावू, का चोरानं माझ्यासाठी थांबायचं?”

“पाळी आहे, पिल्बीम.”

“पाळी माझी का घराची?”

साहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. माणूस कायद्याला धरून चालणारा. कायद्यात असतं तर उलटाही चालला असता.

“घराची,” साहेब म्हणाले.

“मग न्या घराला!”

“ठीक आहे,” साहेब म्हणाले, आणि कारकुनाला शपथेची तयारी करायला सांगितली.

शपथ दारातच झाली. बायबलवर हात ठेवायचा असतो. घराला हात नाही, म्हणून कारकुनानं बायबल उंबऱ्याखाली सरकवलं. कॉन्स्टेबलचा रंगवलेला दंडा दाराला टांगला. घर जागचं उठलं, बुडाची माती झटकली आणि गस्तीला निघालं. एझ्रा आतच होता. त्याचं सूप सांडलं.

काम मात्र घरानं चोख केलं, हे म्हणावंच लागेल. उगाच धावपळ नाही की आरडाओरडा नाही. संध्याकाळी दारूच्या गुत्त्याबाहेर जाऊन गुमान उभं राहायचं. दारुड्याला कुठलंही दार आपलंच वाटतं. तो आत यायचा, बूट काढायचा, एझ्राला बायकोच्या नावानं हाक मारायचा आणि घोरायला लागायचा. सकाळी घर त्याला घेऊन साहेबांच्या दारात हजर. चोरांसाठी घर आडवाटेला जाऊन एक खिडकी उघडी ठेवी. चोर आत आला की खिडकी लागायची. गावातल्या कोंबड्या पुन्हा बिनघोर झोपू लागल्या.

झोप उडाली ती एझ्राची. या वयात त्याला एवढंच हवं होतं: आपली चूल, आपली खुर्ची, आणि दोन्ही जागच्या जागी. दार उघडावं तर समोर कधी चर्च, कधी कुणाची डुकरं. तो परत साहेबांकडे गेला. गेला म्हणजे घरानंच नेलं. दोन दारुडे पोचवायचे होतेच.

“काढून टाका त्याला, साहेब. मला माझं घर परत द्या.”

“कसूर केल्याशिवाय कॉन्स्टेबलला काढता येत नाही. एकदा कसूर करू दे, त्याच दिवशी मोकळं करतो.”

तेव्हापासून एझ्रा घराच्या चुकीवर टपून बसला.

संधी आली ती सुगीनंतर. पीक चांगलं आलेलं, तरी चक्कीवाल्या गिडियन हकनं पिठाचा भाव चढवला आणि पोती शहरात पाठवायला काढली. गावच्या बायका चक्कीसमोर जमल्या. सगळ्यांच्या पुढं डोर्कस टिली. कपडे धुऊन पोट भरणारी विधवा, हातात धोपटणं. साहेब घोड्यावरून आले आणि त्यांनी राजाचा हुकूम वाचून दाखवला: जमावानं तासाभरात पांगावं आणि शांतपणे घरात जावं, नाहीतर फाशी.

“घरात जाऊन काय खाऊ, साहेब? चूल?” डोर्कस म्हणाली.

कुणी हललं नाही. साहेबांना घाम फुटला. त्यांचे सदरे डोर्कसच धुवायची.

तास संपत आला तेव्हा घर आलं. चक्कीसमोर बायकांकडे तोंड करून उभं राहिलं आणि दार उघडायला लागलं. उघडेना. आतून एझ्रानं कडी घातली होती. दार उघडलं नाही, जमाव पांगला नाही, की घराची कसूर झाली. त्याला नुसतं बसून राहायचं होतं. घरानं दार एकदा खडखडवलं, पुन्हा खडखडवलं.

डोर्कसनं खिडकीतून डोकं घातलं. “एझ्रा, कडी काढ.”

“का म्हणून?”

“का म्हणून काय? गळ्याला दोर लागेल आमच्या, मुडद्या!”

“दंगा करायला कुणी सांगितलं होतं?”

“पोटानं.”

एझ्रानं कडीकडे पाहिलं. मग गुडघ्यांना शिव्या देत उठला आणि त्यानं कडी काढली.

“पाय पुसून या,” तो म्हणाला.

दोन खोल्यांत अख्ख्या गावच्या बायका मावल्या. कशा, ते साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी हुकूम पुन्हा वाचला. घरात जावं असं होतं, कुणाच्या ते नव्हतं. “जमाव पांगला,” असं त्यांनी जाहीर केलं.

रस्त्यात उरला एकटा गिडियन, आणि तो बोंबलत होता.

“हक, शांतता आता फक्त तुम्ही मोडताय,” साहेब म्हणाले.

गिडियन चक्कीकडे पळाला, दार ढकलून आत शिरला, तर ते एझ्राचं घर निघालं.

आत खुर्ची एकच. तीवर एझ्रा. मध्ये गिडियन, भोवती बायका. भाव म्हणजे काय असतो, ते डोर्कसनं त्याला दिवेलागणीपर्यंत समजावलं. एझ्राचे सगळे सलगम शिजून संपले. मग दार उघडलं आणि गिडियननं बाहेर येऊन जुना भाव स्वतःच्या तोंडानं सांगितला. बायका पीठ घ्यायला गेल्या.

साहेब घोड्यावरून उतरले. “पिल्बीम, कसूर नाही, पण आज घरानं माणसं वाचवली. बक्षीस म्हणून मोकळं करतो त्याला. न्या जागेवर.”

एझ्रानं घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नेऊन काय करू? कामाची सवय लागलीय त्याला. नुसतं बसवून ठेवलं तर आजारी पडेल.”

साहेबांना ते पटलं.

गुत्त्यावर गर्दीची वेळ होत आली होती. एझ्रा आत गेला तसं घर वळलं आणि चालू लागलं. डोर्कस अजून आतच होती, सगळ्यांची भांडी घासत.

“तुझ्या गल्लीत सोडू का?” एझ्रानं विचारलं.

“वाटेत असेल तर,” ती म्हणाली.