चार मुलखांची वांगी

हैदराबाद राज्याची वाटणी ठरली आणि एकाच कचेरीतले चार मित्र तीन राज्यांत विखुरणार हे नक्की झालं. निरोपाचं जेवण भगवंतरावांच्या हिमायतनगरच्या अंगणात. प्रत्येकानं आपापल्या मुलखाचं सालन, म्हणजे रस्साभाजी, आणायचं आणि निवाडा मिर्झासाहेबांनी द्यायचा; कारण लंडनपासून रंगूनपर्यंतची करी चाखलेला माणूस कचेरीत तेवढा एकच होता.

बायको गेल्यापासून भगवंतरावांनी भरल्या वांग्याला हात लावला नव्हता. बढाई मात्र सोडली नव्हती. "आमच्या नांदेडची चव दुनियेत नाही," असं ते चारचौघांत सांगून बसले आणि वांगी मुलीवर, तारामतीवर, येऊन पडली.

"नाना, आईसारखी जमतील मला?"

"न जमायला काय झालं? नांदेडचं रक्त आहे!"

तारानं मसाला भरला. एक वांगं फाटलं, त्याला तिनं पांढरा दोरा गुंडाळला.

पाहुणे आले: गुलबर्ग्याचे हिरेमठ आणि शेजारीच राहणारे तेलंगणातले मित्र, बायको सत्यवतीअम्मांसह. मिर्झासाहेबही घरून सालन घेऊन आले, तेव्हा भगवंतरावांच्या मनात पाल चुकचुकली. परीक्षक स्वतःच्याच घराला झुकला तर? त्यांनी चारही सालनं मांडववाल्याकडच्या एकसारख्या पातेल्यांत ओतवून घेतली. "आता कुणाचं कुठलं ते मलाही ठाऊक नाही!" म्हणत त्यांनी ऐटीत झाकणं काढली.

चारही पातेल्यांत भरली वांगीच होती.

"हे आमचं गुलबर्ग्याचं," हिरेमठ पहिल्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले. मग दुसऱ्याकडे. मग बोट आवरून घेतलं.

मिर्झासाहेबांनी चारही चाखली, पुन्हा चाखली आणि कपाळाला हात लावला. "लंडन में डब्बे की भुकटी डालके उसकू करी बोलते. रंगून में नारियल का दूध. सब पहचानता मैं. मगर इसमें मेरे घर का कौनसा, नक्को पूछो!"

भगवंतराव पुढे सरसावले. तिसऱ्या पातेल्यातला एक घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "हे आमचं. तिच्याच हातची चव."

तारानं पातेल्यांत डोकावून पाहिलं. दोऱ्याचं वांगं चौथ्या पातेल्यात होतं.

तेवढ्यात शेजारच्या सत्यवतीअम्मांनी नेमकं चौथ्यातलंच वांगं वाढून घेतलं. "अय्यो, हे तर माझं! माझा हात मी ओळखत नाही काय?" असं म्हणता म्हणता त्यांच्या तोंडातून वीतभर दोरा निघाला.

"अम्मा, तो दोरा माझा," तारा हळूच म्हणाली.

सत्यवतीअम्मांनी दोरा पाहिला, ताराकडे पाहिलं, मग तिसऱ्या पातेल्यात बोट बुडवून चाटलं. "मग माझं हे. तुझे नाना खातायत ते."

"शक्यच नाही!" भगवंतराव उसळले. "वीस वर्षं खाल्लंय मी!"

"खाल्लंय ना. लग्न होऊन आली तेव्हा तिला चहा तरी येत होता काय? वांगं माझ्या चुलीवर शिकली ती. तुम्हाला सांगू नको म्हणाली. नांदेडचा मान जाईल म्हणाली."

अंगणात कुणी हसलं नाही. हसू आवरणं मात्र सगळ्यांनाच जड गेलं. भगवंतरावांनी ताट ताराच्या पातेल्याशी नेलं, एक वांगं वाढून घेतलं, देठापर्यंत खाल्लं आणि ताठ मानेनं मिर्झासाहेबांकडे वळले.

"बघा साहेब. अस्सल नांदेड!"

"बरोबर," सत्यवतीअम्मा म्हणाल्या आणि त्यांनी भगवंतरावांच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं.