डुलीचंदभाऊ आणि उंच केलेली जीप

डुलीचंदभाऊ राहांगडाल्यांच्या जीपमध्ये बसलं, की आधी 'आ' लावावा लागतो.

गाण्यातला नव्हे, डॉक्टरला घसा दाखवतानाचा. आमच्या गावातून कोहमाऱ्याकडे निघालं की शाळेच्या फाटकापासून पानटपरीपर्यंतचा रस्ता पार उखडलेला आहे. तेवढ्या टप्प्यात भाऊंच्या शेजारी बसलेल्या माणसानं तोंड उघडून एका सुरात 'आऽऽ' करत राहायचं. खड्डा आला की त्या 'आ'चे तुकडे पडतात. तुकडे किती बारीक पडले, त्यावरून भाऊंना गाडीची तब्येत कळते.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदलून आले आणि भाऊंच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच आठवड्यात तालुक्याला मीटिंग होती आणि माझी बस चुकली. भाऊ जीप काढत होते.

"बसा जी मॅडम, सोडून देतो."

जीप एवढी उंच, की भाऊंनी आतून लाकडी स्टूल काढून माझ्यासमोर ठेवलं. मी साडी सावरत चढले. फाटकाशी येताच ते म्हणाले, "हं, आता आ लावा."

"का?"

"लावा तं खरं. कायले, ते मंग सांगतो."

मी आ लावला. दुसऱ्याच खड्ड्यात तो 'अ-अ-अ-अ' झाला. भाऊंनी ब्रेक मारला, उतरून मागच्या चाकाशी वाकले आणि समाधानानं परत आले. "मांगची डावी बाजू बोलून राहिली. चला, पुन्ना एकदा लावा." तालुक्याला पोचेपर्यंत माझा घसा बसला होता. मीटिंगमध्ये मी एक शब्द बोलले नाही, आणि साहेबांनी शांत स्वभावाबद्दल माझं कौतुक केलं.

भाऊ साठीच्या घरातले. अंगानं वाळलेले, खांद्यावर दुपट्टा, दुपट्ट्यावर ग्रीस. घरची धानाची शेती. बोलणं मोजकं, त्यातही एक वाक्य ठरलेलं: "गाडी हालली पायजे, हादरली नाई पायजे." हे ते जीपबद्दल म्हणत, पाळण्याबद्दल म्हणत, एकदा तर नव्या सरपंचाबद्दलही म्हणाले.

अडचण अशी, की गाडी हादरत होती आणि ती त्यांनीच तशी केली होती. मी यायच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांनी गोंदियाला नेऊन जीप उंच करून घेतली. चाकांवरच्या लोखंडी कमानींमध्ये जादा पट्टे घातले, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले. गाडी दिसायला लागली झकास. पण बसणाऱ्याचा मणका मानेत यायला लागला. गावातल्या एका नवरदेवानं हौसेनं तीच जीप वरातीला मागितली. अर्ध्या रस्त्यात तो मुंडावळ्या सावरत उतरला आणि मावसभावाच्या मोटरसायकलवर बसून स्वतःच्या लग्नाला गेला. तेव्हापासून गावानं जीपकडे पाठ फिरवली. भाऊ रिकामी जीप घेऊन निघाले, की बसस्टॉपवरची माणसं उगाच चपलेचा अंगठा तपासायला लागत.

दुसरा कोणी असता तर गाडी परत खाली उतरवून मोकळा झाला असता. कोहमाऱ्याचा मेकॅनिक बब्बूभाई तर हात जोडून सांगायचा, "भैया, नीचे करा लो. झंझट खतम."

"खाली नाई करत," भाऊ म्हणत. "उंची बी राहीन अन् आराम बी होईन. कसा होत नाई ते पायतो मी."

आणि ते पाहायला लागले. आधी घरातली गादी कापून सीटवर घातली. धक्के होते तेवढेच राहिले, फक्त डोकं छताच्या लोखंडी दांडीला लागायला लागलं. मग मागे धानाची पोती टाकली. ओझ्यानं कमानी वाकल्या, गाडी खरंच मऊ चालायला लागली. महिनाभर भाऊ पोती फिरवत होते. शेवटी त्यांच्या बायकोनं, अनुसयावहिनींनी, दारातून विचारलं, "धान इकाले नेता का हवा खाले नेता?" पोती उतरली. मग टायरातली हवा थोडी कमी केली, तेव्हा बारीक खडी लागायची थांबली. भाऊ त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगत फिरले. पण मोठ्या खड्ड्यातला दणका कायम होता.

एका रविवारी त्यांनी मला आणि आमच्या हेडमास्तरांना बोलावलं. स्वतः जीपखाली उताणे झोपले आणि खालून ओरडले, "आता मांगं उभे राहून उड्या मारा जी!"

हेडमास्तर वजनदार गृहस्थ. ते म्हणाले, "माझ्या पदाला हे शोभेल का?"

"पदाचं नाई, वजनाचं काम हाय. मारा!"

आम्ही बंपरवर उभे राहून उड्या मारल्या. शाळेतली पोरं कुंपणापाशी जमली. खालून भाऊंचा आवाज आला, "थांबा! गवसलं!"

गाडी उंच केली, पण धक्का झेलणारे शॉकअप जुनेच ठेवले होते. उंच गाडीला ते आखूड पडत होते. गाडी उभी असतानाच ते पार ताणलेले. चाक खड्ड्यात उतरलं की त्यांना आणखी लांबायला जागाच नव्हती, आणि तिथेच दणका बसत होता. भाऊ धुळीनं पांढरे होऊन बाहेर आले. "शॉकअप लांब पायजे. अन् कमानीचे जाडे पट्टे काढून पातळ, जास्त वाकाचे घालाचे. उंची तेवढीच राह्यते." बब्बूभाईनं आधी डोक्याला हात लावला, मग कामाला हात घातला.

याच दिवसांत एकदा मी अनुसयावहिनींकडे वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते. सहज म्हटलं, "भाऊंना उंचीची एवढी हौस कशाला?"

वहिनी हसल्या. "हौस कायची मॅडम? पोरीचं लगन झालं, घर खाली झालं, तवापासून मले रातची झोपच येत नाई. गोंदियाच्या डॉक्टरच्या गोया खाल्ल्या, काई फरक नाई. पन जीपमंदी बसलो का झोप लागे. वावरात बांधीवर जाईपर्यंत मी मस्त झोपो. मंग एका पावसाळ्यात नाल्यात गाडी बंद पडली. मी झोपलेलीच. पानी आत आलं, मांडीले लागलं, तवा वरडत उठलो. यायनं मले उचलून बाहीर काढलं. दुसऱ्या महिन्यात गाडी उंच."

"आणि मग?"

"मंग काय, पानी खाली राह्यलं अन् झोप बी गेली. दनक्यानं डोरा लागत नाई." त्यांनी शेंगेतला शेवटचा दाणा काढला. "मले काई बोलले नाई. पन गाडी चालवता चालवता आरशात माह्याकडंच पाह्यते. म्हनून मी डोरे मिटून बसतो कधीकधी. तं लगेच म्हंते, नको करू नाटक."

धान कापून झालं, बब्बूभाईचं कामही उरकलं, तेव्हा भाऊ आणि वहिनी लेकीकडे अर्जुनी मोरगावला निघाले. मलाही तिथे काम होतं, म्हणून सोबत गेले. दुपारी परत येताना वहिनी आणि मी मागे बसलो होतो. लेकीनं दिलेली मुरमुऱ्याची पिशवी मांडीवर धरून वहिनी नातवाच्या खोड्या सांगत होत्या. रस्ता मध्येच उखडलेला होता, पण गाडी होडीसारखी डोलत जात होती. वहिनींचं एक वाक्य अर्धंच राहिलं. मी वाट पाहिली. त्यांचं डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं.

मी आरशात पाहिलं. भाऊ पाहतच होते. विश्वास न बसल्यासारखे पुन्हा पुन्हा.

आमच्या गावाचा फाटा आला. भाऊंनी गाडी वळवली नाही.

थोडं पुढे गेल्यावर ते मान न वळवता, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमाले घाई हाय का जी?"

खोलीवर तपासायचे पेपर पडले होते. मी म्हटलं, "नाही."

"मंग जराक समोर जाऊन येऊ."

गाडी एवढी सावकाश चालली होती, की सायकलवरचे दोन म्हातारे आम्हाला मागे टाकून गेले. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या उन्हात पिवळ्या पडल्या होत्या. वहिनींच्या घशातून बारीक घरघर सुरू झाली.

"घोरून राहिली," भाऊ म्हणाले, घरातलं कोणी पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखे. मग मागून आलेल्या ट्रकला त्यांनी हात बाहेर काढून विनवलं, की बाबा, हॉर्न नको वाजवू, जा पुढं.